विडी सोडली आणि खोकला वाढला

मालवण तालुक्यातील मसुरे येथून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. पत्रातली तक्रार मात्र एका घरापुरती नाही. गेल्या काही वर्षांत ती आमच्या कानांवर अनेक घरांतून आली आणि वेळेवर उत्तर न मिळाल्यामुळे कितीतरी बांधव सोडलेल्या विडीकडे परत गेलेले आम्ही पाहिले. म्हणून या आठवड्याचे सदर या एकाच पत्राला देत आहोत.

हकीकत अशी. भगिनीचे सासरे ६४ वर्षांचे. मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात बत्तीस वर्षे काढून ते गावी येऊन राहिले. मुलगा नोकरीनिमित्त गोव्यात. घरी सासू-सासरे, सून आणि तीन वर्षांची नात. सासऱ्यांना विडी वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापासून. दिवसाला एक बंडल त्यांना कधी पुरले नाही. यंदा आषाढी पौर्णिमेला, वर्षावासाच्या पहिल्या दिवशी, विहारातून घरी आल्यावर त्यांनी खिशातले बंडल काढले आणि चुलीत टाकले. कोणी सांगितले नव्हते, कोणी टोमणा मारला नव्हता. घरात सण झाल्यासारखे झाले.

चौथ्या दिवसापासून तब्येत बिघडत गेली. खोकला पूर्वीपेक्षा वाढला, सकाळी घट्ट कफ पडू लागला. डोके जड, झोप तुटक. रात्री दोनला उठून पडवीत फेऱ्या मारणे सुरू झाले. पोट साफ होईना, जिभेवर फोड आले. ज्या माणसाने आयुष्यात अन्नाला कधी पाय लावला नाही, त्याने परवा पेजेचे ताट भिंतीवर भिरकावले आणि मग पडवीत जाऊन पाऊस पाहत रडत बसला. शेजारच्या घरातले म्हातारे येऊन सांगून गेले, "विडी सोडलंस म्हणान ह्यां झालां. एक वढून बघ, बरां वाटात." सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या दुकानातून बंडल आणून नवऱ्याच्या उशीखाली ठेवले. ते अजून फोडलेले नाही. "आज बारावा दिवस," ताई लिहितात. "मी सून. माझ्या शब्दाला घरात किती वजन असणार, हे तुम्ही जाणता. विडी सोडल्याने माणूस आजारी पडतो का, एवढेच छापून सांगा. छापलेले बाबा वाचतात."

तर छापून सांगतो. पण त्याआधी पत्राच्या तिसऱ्या पानावरची एक ओळ. तिच्याकडे लिहिणाऱ्या ताईंचेही फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ओळ अशी की, सासऱ्यांना दम्याची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे आणि तीन दिवसांपासून हात थरथरतात, मळमळते व छाती धडधडते.

या ओळीसाठी अंक निघेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. पत्रावर फोन नंबर होता, त्यावर आम्ही त्याच दिवशी कळवले की गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि विडी कोणत्या तारखेला सोडली ते न विसरता सांगा. कारण असे. दम्याच्या जुन्या गोळ्यांमध्ये थिओफायलिन नावाचे औषध असते. खेड्यापाड्यांत डेरिफायलिन या नावाने ती गोळी ठाऊक आहे. शरीरात गेलेले हे औषध यकृत मोडून टाकते. विडी-सिगारेटचा धूर रोज आत जात असेल, तर यकृताचा हा मोडण्याचा वेग वाढतो, आणि म्हणून विडी ओढणाऱ्याला औषधाची मात्रा जास्त लागते. विडी बंद झाली की साधारण आठवडाभरात यकृताचा वेग उतरतो. गोळी तीच, वेळ तीच, पण औषध रक्तात साचू लागते. मळमळ, थरथर, धडधड ही त्या साचण्याची चिन्हे असू शकतात, आणि फार साचले तर जीवावर बेतते. गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही, कारण दमा उसळेल. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण कमी केले, धडधड थांबली. खोकला आणि चिडचिड मात्र तशीच आहे.

हे आम्ही एवढे विस्ताराने सांगतो, कारण दमा, मनाचे आजार, मधुमेह यांची औषधे घेणाऱ्या वाचकांना याची कल्पना नसते. मनाच्या आजारावरील क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांचेही असेच होते. इन्सुलिन घेणाऱ्याने विडी सोडल्यावर साखर वरचेवर तपासावी, कारण इन्सुलिन कमी लागू शकते. नियमित औषध घेणाऱ्याने विडी सोडावीच, पण ती सोडल्याचे डॉक्टरांना सांगावे. डॉक्टर "विडी ओढता का?" असे विचारतात. "सोडली का, केव्हा सोडली?" हे आपण होऊन सांगावे लागते.

आणि चहा. चहातले कॅफीन हे थिओफायलिनच्याच कुळातले, आणि यकृत त्याचाही निकाल त्याच वाटेने लावते. विडी ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने जाते. विडी सुटली आणि चहा तेवढाच राहिला, की तोच चहा दुप्पट पडू लागतो. झोप न येणे, हाताला कंप, जीव घाबरा होणे हे सगळे "विडी सोडल्यामुळे" या खात्यात जमा होते. त्यातले बरेचसे चहाच्या खात्यातले असते. शिवाय विडीची जागा चहाने भरून काढण्याची आपल्याकडे रीत आहे. तलफ आली की "चहा टाक गो." या घरात दिवसाला सहा-सात वेळा कोरा चहा होतो, असे पत्रात आहे. तो तीनवर आणावा आणि दुपारनंतर बंद करावा. गरम काहीतरी हवेच असते, पावसाळ्यात तर हवेच. त्याला पेजेचे निवळ आहे, आले घातलेले गरम पाणी आहे, कुळथाचे कढण आहे.

आता मूळ प्रश्न. विडी सोडल्याने माणूस आजारी पडतो का? बरे वाटत नाही हे खरे आहे. त्यात नाटक नाही, मनाचा कमकुवतपणा नाही. तंबाखूतले निकोटीन झुरका घेतल्यापासून पंधरा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. दिवसाला तीस विड्या आणि विडीला दहा झुरके धरले, तर दिवसातून तीनशे वेळा. असे सेहेचाळीस वर्षे. विडी सिगारेटपेक्षा वरचेवर ओढावी लागते, नाहीतर ती विझते. म्हणून धूरही अधिक आत जातो. इतकी वर्षे रोज तीनशे वेळा निकोटीन मिळत राहिले म्हणजे मेंदू त्याच्या हिशोबाने स्वतःची मांडणी करून घेतो. निकोटीन ज्यांना जाऊन चिकटते त्या पेशींवरच्या जागा वाढतात. मग एके दिवशी पुरवठा बंद. त्या वाढलेल्या जागा रिकाम्या बोंबलू लागतात. राग, बेचैनी, उदासी, झोपमोड, कशात लक्ष न लागणे, खा-खा सुटणे ही सारी त्यांचीच बोंब. वाढलेल्या जागा पुन्हा कमी व्हायला कित्येक आठवडे लागतात.

या त्रासाला वेळापत्रक आहे, आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे. शेवटच्या विडीनंतर काही तासांतच तो सुरू होतो. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. पहिला आठवडा कठीण. तीन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. भूक आणि अधूनमधून येणारी तलफ त्यापुढेही रेंगाळते. ताईंनी त्रास चौथ्या दिवसापासून लिहिला आहे. आम्हाला वाटते, पहिले तीन दिवस सासऱ्यांनी कोणाला कळू दिले नसावे.

खोकल्याची गोष्ट वेगळी आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती सतत हलत राहून धूळ, जंतू, कफ वर लोटत असते. धुराने ही लव मंदावते, लुळी पडते, आणि घाण आतच राहते. धूर थांबल्यावर ती पुन्हा कामाला लागते, तेव्हा काही जणांना थोडे दिवस खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो. बत्तीस वर्षे शहर झाडलेल्या माणसाला हे समजावणे कठीण नाही. संपानंतर पहिल्या दिवशी कचरा किती निघतो हे त्यांनी पाहिलेले आहे. हा खोकला पुढच्या काही महिन्यांत कमी होत जातो, दमही कमी लागतो.

जिभेवरचे फोड विडी सोडल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळांना येतात आणि बहुधा महिन्याच्या आत जातात. तोवर सुक्या बांगड्याचे झणझणीत कालवण त्यांच्या ताटात वाढू नये, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. बद्धकोष्ठाचे कारण असे की निकोटीन आतड्यांना चाळवत असते. सकाळची विडी ओढल्याशिवाय परसाकडे होत नाही असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. आता आतड्यांना आपले काम विडीच्या मदतीशिवाय करायला शिकायचे आहे. पावसाळा आहे, दाराशी टाकळा आहे, फोडशी आहे, अळू आहे. भाजी रोज हवी, पाणी भरपूर हवे. पावसात तहान लागत नाही म्हणून माणसे पाणीच पीत नाहीत. त्यांच्यासमोर तांब्या भरून ठेवावा.

आता शेजारच्या म्हाताऱ्यांचा सल्ला. "एक वढून बघ, बरां वाटात." आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, म्हाताऱ्यांचे म्हणणे खरे आहे. एक विडी ओढली तर बरे वाटेल. अर्ध्या मिनिटात वाटेल. डोके हलके होईल, हात स्थिर होतील, कदाचित पोटही साफ होईल. आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे. त्या विडीने त्रास बरा होत नाही, तो दोन तासांनी पुढे ढकलला जातो. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते, मग तीच कासाविशी पुन्हा. मेंदूतल्या ज्या रिकाम्या जागा बारा दिवस उपाशी राहून कमी होऊ लागल्या होत्या, त्यांना परत जेवू घातले जाते. ज्यांनी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत "फक्त एकच" ओढली, त्यांतले बहुतेक पुन्हा पूर्वीच्या आकड्यावर गेलेले आहेत. शेजाऱ्यांच्या मायेविषयी आम्हाला शंका नाही. त्यांनी यावे, गप्पा माराव्यात, पण विडी बाहेर ओढून यावे.

उशीखालचे बंडल सासूबाईंनी उचलावे, ही आमची त्यांना हात जोडून विनंती. त्यांनी ते का ठेवले हे आम्हाला समजते. चाळीस वर्षे ज्याचा डबा पहाटे भरला त्या माणसाला तळमळताना पाहवत नाही, म्हणून ठेवले. पण रात्री दोनला उठलेल्या माणसाच्या हाताशी बंडल असणे म्हणजे तहानलेल्यासमोर विष मिसळलेले पाणी ठेवणे आहे. बारा रात्री त्यांनी विडी ओढली नाही. यावरून त्या माणसाचा निग्रह कळतो. तेराव्या रात्रीची परीक्षा कशाला पाहायची?

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच विषय सोडून नाही. आमच्या वस्त्यांत विडीकडे नुसते व्यसन म्हणून बोट दाखवणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. सफाईच्या कामावर, गोदीत, गिरणीत, चिऱ्याच्या खाणीवर विडी ही कष्टकऱ्याची सुटी होती. नुसते बसलेल्या माणसाला मुकादम हटकतो, विडी ओढत बसलेल्याला हटकत नाही. विडीने भूक मरते. ज्याला दुपारचा डबा तीनला मिळायचा, त्याला तेही सोयीचे होते. कचऱ्याच्या दुर्गंधीत तोंडात धूर असला की जरा बरे वाटते, असे सांगणारे कितीतरी जण आम्हाला भेटले आहेत. म्हणजे निकोटीन जाते तेव्हा त्याच्याबरोबर विश्रांती जाते, सोबत जाते, चार माणसांत उभे राहण्याचे निमित्त जाते. गावी परतलेल्या माणसाच्या बाबतीत तर मुंबईची ओळख सांगणारी शेवटची वस्तू जाते. ताट फेकून रडणारा माणूस केवळ रसायनाने रडत नाही. ही गोष्ट डॉक्टरांच्या कागदावर येत नाही. ती घरातल्यांनी लक्षात ठेवायची आहे.

म्हणून "सुटी" राहू द्यावी. सकाळी नऊला, अकराला, चारला ते ज्या जागी बसून विडी ओढत, त्या वेळी त्यांना काम सांगू नये. त्या वेळी नातीला त्यांच्याजवळ सोडावे किंवा काहीच न बोलता शेजारी बसावे. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते, ओढली नाही तरी उतरते. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम हवे. तोंडाला बडीशेप, लवंग, आवळ्याची सुकी फोड. हाताला झावळीचे हीर काढणे हे पावसाळ्यातले कोकणातले उत्तम काम, बसल्या जागी होते, बोटे गुंतून राहतात आणि महिन्याभरात घराला चार केरसुण्या होतात. पाऊस उघडला तर गडनदीच्या बाजूला चालून यावे. चालण्याने तलफ कमी होते, बद्धकोष्ठ कमी होते आणि रात्री झोप लागते.

एक सूचना सासूबाईंना आणि त्यांच्यासारख्या सर्व माउल्यांना. "विडी नको तर जरा मिश्री लावा, चिमूटभर तंबाखू धरा," असे सुचवू नका. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. मेंदूला निकोटीन धुरातून आले काय आणि हिरडीतून आले काय, सारखेच. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूर ओढणारे शंभरात चारच्या आसपास निघाले, पण तंबाखू चघळणारे, लावणारे, चोळणारे जवळजवळ चोवीस. म्हणजे आपल्याकडे विडीतून सुटलेल्याला पकडायला दुसरा हात तयारच असतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे प्रत्येक बस थांब्यावर दिसते. राज्याचे गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने गेले. त्यांना तंबाखूची सवय होती, आणि ती सोडा म्हणून सांगणारी माणसे त्यांच्या भोवती कमी नव्हती.

निकोटीन हवेच असेल, म्हणजे तलफ अगदीच सोसवत नसेल, तर ते औषध म्हणून घेता येते. औषधाच्या दुकानात निकोटीनचे च्युइंग गम मिळते. दोन मिलिग्रॅमचे चिठ्ठीशिवाय, चार मिलिग्रॅमचे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्यात धूर नाही, डांबर नाही, म्हणून विडीशी त्याची बरोबरी नाही. हळूहळू कमी करत दोन-तीन महिन्यांत ते थांबवायचे असते. मात्र ते पानासारखे चावत राहायचे नाही. चार-सहा वेळा चावावे, तोंडात झिणझिणले की गालात दाबून ठेवावे, झिणझिण गेली की पुन्हा चावावे. घाईने चावून थुंकी गिळली तर उचकी लागते, मळमळते, आणि माणूस म्हणतो औषध मानवत नाही. चहा पिताना व लगेच नंतर ते घेऊ नये. अशा औषधांनी विडी सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी व तोंडात फोड असताना आधी डॉक्टरांना विचारावे. ताईंच्या सासऱ्यांना तूर्त फोड आहेत, म्हणून त्यांनी विचारूनच घ्यावे.

सरकारची एक मोफत सोय आहे, तिची माहिती आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना दिसते. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सल्ल्याचा फोन आहे. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये तो सुरू झाला आणि २०१८ पासून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही त्याचे केंद्र आहे. मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत. गंमत अशी की २०१८ पासून हा नंबर विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. सासूबाईंनी आणलेल्या बंडलावर तो असणारच. फेकण्यापूर्वी वाचून घ्यावा. ओरसच्या जिल्हा रुग्णालयातही तंबाखू सोडवण्यासाठी काय मदत मिळते याची चौकशी करावी. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासन व टाटा ट्रस्टबरोबर २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे काम चालवले, त्यात गावात जाऊन व्यसनमुक्तीचे दवाखाने भरवले गेले. कोकणात वाड्या डोंगर-खाडीने तुटलेल्या आहेत. येथे माणसाने दवाखान्यापर्यंत जावे यापेक्षा दवाखान्याने वाडीत यावे हेच बरे. आमच्या विहार समित्यांनी वर्षावासात एखादा दिवस यासाठी दिला, तर डॉक्टर येणार नाहीत असे आम्हाला वाटत नाही.

आता काही गोष्टींना "विडी सोडल्याचा त्रास" म्हणून सोडून देऊ नये. छातीत दाबल्यासारखे दुखणे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, बोलता येऊ नये इतका दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यात क्षणाचाही विलंब नको. थुंकीतून रक्त आले तर त्याच दिवशी दवाखाना. खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला, संध्याकाळचा ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. विडी ओढणाऱ्यांना क्षयाचा धोका इतरांच्या दुपटीच्या आसपास असतो आणि विडी सोडल्याच्या आठवड्यातच तो संपत नाही. जीभ किंवा गालावरचा फोड तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो तोंडाच्या डॉक्टरांनी पाहिलाच पाहिजे. येथे तर बारा दिवस होऊन गेले आहेत आणि घरात तीन वर्षांचे मूल आहे. ताई, खोकला कसला का असेना, थुंकीची डबी एकदा देऊन या. तपासणी निर्मळ आली की नात खुशाल आजोबांच्या मांडीवर बसू दे.

उदासीविषयीही तेच. दोन-तीन आठवड्यांची मरगळ साहजिक आहे. ती वाढतच गेली, माणूस जेवेना, बोलेना, जगण्यात काय आहे असे म्हणू लागला, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी फोन २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. पूर्वी कधी असा आजार होऊन गेलेल्यांच्या घरच्यांनी अधिक जपावे. एरवी अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात की काही आठवडे गेले की विडी सोडलेल्यांचे मन ओढणाऱ्यांपेक्षा शांत असते. विडी चिंता घालवते असे वाटते. ती घालवते ती मागच्या विडीने आणलेली चिंता.

सासूबाईंचा एक प्रश्न पत्रात आहे, "ह्या वयात सोडून काय मिळवायचे?" इंग्लंडमधल्या डॉक्टरांचाच पन्नास वर्षे मागोवा घेतलेला एक प्रसिद्ध अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळाले, साठीत सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षांचे. तीन वर्षांत नात पहिलीच्या वर्गात बसेल.

राहिली भूक. सासरे आता मागून मागून पेज घेतात, रात्री उठून डबा उघडतात, तांदूळ महिन्याआधी संपेल, असा सासूबाईंचा हिशोब ताईंनी लिहिला आहे. निकोटीनने दाबून ठेवलेली भूक ती. पहिल्या वर्षात चार-पाच किलो वजन वाढणे सर्वसाधारण आहे, आणि आयुष्यभर अर्धपोटी डबा खाल्लेल्या माणसाने थोडे भरल्यासारखे दिसले तर बिघडत नाही. गोडधोड आणि तळलेले आवरावे, उकड्या तांदळाची पेज आणि पालेभाजी मागेल तेवढी वाढावी. रोज दीड बंडलाचे पैसे वाचत आहेत, ते ताईंनी तांदळाच्या डब्यात वेगळे टाकत जावे आणि महिनाअखेरीस सासूबाईंकडूनच मोजून घ्यावेत.